एक ते दीडची शांतता

चूक माझीच. मी साउंडवाला, म्हणजे लांब काठीला बांधलेला माईक नटांच्या डोक्यावर धरणारा. भिवंडीत एका बंद पडलेल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात आमच्या मालिकेचा सेट लागला होता आणि भिंतीपलीकडचे लूम मात्र जोरात चालू. नायिका हळूच ‘माझं चुकलं’ म्हणायची, रेकॉर्डिंगमध्ये नुसती खडखड! आमचे दिग्दर्शक सर वैतागले, तेव्हा मी शहाणपणा पाजळला, “सर, एक ते दीड कारागीर जेवतात. लूम बंद असतात.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून एक ते दीड आमचं शूटिंग. एकचं जेवण गेलं तीनवर, कधी चारवर. अख्खं युनिट मला शिव्या घालत होतं, आणि का घालू नयेत?

कपडेपट सांभाळणाऱ्या मावशीला शुगर. जेवायच्या आधी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायची, मग लगेच खावंच लागायचं. एकदा सर म्हणाले, आज जेवण वेळेवर. तिनं इंजेक्शन घेतलं आणि सरांनी आणखी एक सीन काढला. मावशी इस्त्रीच्या टेबलापाशी मटकन खाली बसली. घामाने चिंब, डोळे फिरलेले. लूम बंद करून बाहेर आलेला पलीकडचा एक कारागीर साखर घातलेला चहा घेऊन धावला.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. सगळे लूम थांबले, पण एक चालूच. सरांनी मला पिटाळलं. बघतो तर कालचाच कारागीर लूमपाशी उभा, डबा बाजूला तसाच बंद.

“भाई, बंद करो ना. शूटिंग है.”

“पहले खाला को खाना खिलाओ. तब तक चलेगा.” खाला म्हणजे आमची मावशी.

“और आपका खाना?”

“हमारा बाद में.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या खिशात युनियनची कार्डं, आणि आमच्यासाठी उपाशी कोण, तर हा! तडक परत आलो, हेडफोन काढून सरांसमोर ठेवला. म्हटलं, “एक ते दीड साउंड मिळणार नाही. आज नाही, उद्या नाही. जेवण लावा.” सर माझ्यावर ओरडायला लागले. पण लाइटवाल्यांनी पटापट लाइट विझवले आणि मेकअपवाले ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. सर एकटे कोणाकोणावर ओरडणार?

मावशीच्या हातात ताट दिलं, मगच भिंतीपलीकडे जाऊन सांगितलं, “खाला खा रही है. अब आप भी खाओ.”

त्यानं लूम थांबवला आणि डबा उघडला.