सरांनी भरलेला पसंतीक्रम

सरांनी मला बसा म्हटलं. पाणी हवंय का, तेही विचारलं. खुर्चीत बसवून, पाणी विचारून माणसाचा अपमान करता येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग म्हणाले, "आडनाव?"

मी सांगितलं. इथे लिहीत नाही. वाचताना तुम्हाला ते हवंसं वाटलं, तर का वाटलं ते स्वतःलाच विचारा. सरांना मात्र ते ऐकून हायसं वाटलेलं दिसलं. मला काय सांगायचं, ते त्यांचं ठरलं होतं.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय इतिहास. मला शिक्षिका व्हायचं होतं आणि त्यासाठी बी.एड.ला प्रवेश हवा होता. दर शनिवारी सर त्याचं मार्गदर्शन करत. सगळं कॉलेज सांगायचं, सरांना विचारल्याशिवाय अर्ज टाकू नका. त्या वर्षांत अवघं पुणं हिंजवडीकडे तोंड करून उभं होतं. सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघणारी गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरं. सरांचा मुलगाही सॉफ्टवेअरमध्ये. सर उसासा टाकून म्हणायचे, आमची मुलं काही आता मास्तरकी करत नाहीत, हे काम आता तुम्हीच सांभाळा. हे 'तुम्ही' कोण, हे कुणी त्यांना विचारत नव्हतं. मीही नाही.

बी.एड.चा अर्ज सगळ्या कॉलेजांना मिळून एकच असे. कॉलेजांची यादी, प्रत्येक नावापुढे रिकामा चौकोन. कुठलं आधी हवं, कुठलं नंतर, तो क्रम आपण त्या चौकोनात घालायचा. जिथे आकडा नाही, तिथे तुमचा विचारच होत नाही.

सरांनी माझा अर्ज माझ्या हातातून घेतला. खिशातली पेन्सिल काढली आणि झरझर आकडे घातले. एक नंबरला शहराबाहेरचं एक कॉलेज, जे नुकतंच दोन खोल्यांत सुरू झालं होतं. दोन नंबरला त्याच्याही पलीकडचं. विद्यापीठातला विभाग यादीत अगदी वर होता. तो चौकोन रिकामा.

मी विचारलं, "सर, विद्यापीठ राहिलं."

"तिथलं वातावरण आपल्याला मानवणार नाही," सर म्हणाले. आवाज अगदी मऊ. "आणि आपल्याला सवलत आहे. कुठेही नंबर लागेल आपला. मग उगाच एखाद्या गुणी मुलाची जागा कशाला अडवायची?"

आपण. आपल्याला. एकदाही अरे-तुरे नाही.

मी काय केलं असेल? मी "थँक्यू सर" म्हटलं. दार हलकेच लावून घेतलं. आजही मला सरांच्या वाक्यापेक्षा त्या थँक्यूची जास्त लाज वाटते.

पण मी मंडईत वाढलेली. आई मंडईबाहेर गोणपाटावर लिंबं, मिरची, कोथिंबीर विकायची. आम्ही मूळचे वाशिमकडचे. पहाटे मार्केट यार्डातून माल घेताना आडत्याच्या माणसानं भरून दिलेली पाटी ती तिथल्या तिथे उलटी करायची. वरचा थर नेहमीच टवटवीत असतो. लोक तिला संशयी म्हणत. ती म्हणायची, असन. म्हणून तर घर चालते.

तिची मी लेक. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

सोमवारी अनघाबरोबर सदाशिव पेठेत झेरॉक्सला गेले. अनघा माझ्या वर्गातली, मनानं चांगली, डबा वाटून खाणारी. सरांकडे तीही जाऊन आली होती. दुकानदारानं दोघींचे अर्ज काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. तेच अक्षर, तीच पेन्सिल. तिच्या अर्जावर विद्यापीठापुढे एक नंबर. तिला छप्पन्न टक्के होते. मला त्रेसष्ट.

मी तिला विचारलं, सरांनी तुला आडनाव विचारलं का. ती म्हणाली, "छे, सर ओळखतात ना आम्हाला." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "अगं, काहीतरी चुकलं असेल सरांचं. आणि मला कुठे शिकवायचंय? लग्न ठरेपर्यंत घरी बसायला नको, म्हणून चाललंय हे."

चुकलं असेल. मलाही तसंच वाटायला हवं होतं. किती सोयीचं झालं असतं. पण एकाच अर्जावर चुकलं तर चूक. मी ठरवलं, पाटी उलटी करायची.

दोन दिवस मी वर्गात अर्ज मागत फिरले. कुणी हसलं, कुणी चिडलं. तुला काय करायचंय, म्हणाले. शेवटी आडनाव विचारलेले आणखी तिघं सापडले. कसब्यातली शबाना, इंग्रजीत वर्गात पहिली. तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. आमच्याच वस्तीतली एक मुलगी. आणि नांदेडहून आलेला एक मुलगा, साठ टक्केवाला, अबोल. माझा धरून चार अर्ज. चारही अर्जांवर विद्यापीठाचा चौकोन रिकामा. शबानाला सर म्हणाले होते, तिथे आपल्याला एकटं एकटं वाटेल. नांदेडच्या मुलाला म्हणाले होते, आपण कष्टाळू आहात, लहान कॉलेजात शोभून दिसाल. प्रत्येकासाठी वेगळं गोड वाक्य. चौकोन तोच.

तेव्हा मला संताप आला. आधी वाटत होतं, माझ्यातच काही कमी असेल. चार अर्ज बघितल्यावर कळलं, माझ्याकडे सरांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांनी फक्त आडनाव ऐकलं होतं.

शेवटच्या तारखेला मी स्टाफरूममध्ये गेले. सर चहा पीत होते. आणखी तीन प्राध्यापक बसले होते. मी टेबलावर अर्ज ठेवला.

"सर, हे आकडे खोडायला आले आहे."

"खोडा की," सर म्हणाले. कप खाली ठेवला नाही. "पेन्सिलीनंच तर लिहिलंय. मी कुणावर जबरदस्ती करत नाही. फक्त मार्गदर्शन करतो."

"म्हणूनच पेन्सिल, सर," मी म्हटलं.

कप खाली आला. मी तिथेच, उभ्यानं, सगळे आकडे खोडले. विद्यापीठापुढे पेनानं एक घातला. दाबून. मागच्या पानावर उमटला.

"पुढे रडत माझ्याकडे येऊ नका म्हणजे झालं," सर म्हणाले.

"येणार नाही."

बाहेर तिघं थांबले होते. दोघींनी व्हरांड्यातच आपले आकडे खोडले. नांदेडच्या मुलानं नाही. तो म्हणाला, सरांचं ऐकलं नाही आणि कुठेच नाही मिळालं, तर घरी काय सांगू? मी त्याला खूप समजावलं. त्याची भीती खरी होती.

पहिल्याच यादीत माझं नाव लागलं. खुल्या जागेवर, गुणांवर. पेढे वाटल्याची हकिकत सांगत नाही. पुढे काय झालं ते ऐका. तिसऱ्या यादीत कुणीतरी जागा सोडली आणि अनघाही आली. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. नवरा हिंजवडीतला, लगेच अमेरिकेला जाणारा. जाताना तिनं मला मिठी मारली, रडली. तिची जागा उरलेलं वर्षभर रिकामी राहिली. माझ्या शेजारचीच. त्या जागेसाठी साठ टक्केवाला एक मुलगा होता. त्यानं तिथे आकडाच घातला नव्हता. गुणी मुलाची जागा कुणी अडवली, सर?

आज मी एका कॉलेजात शिकवते. बी.एड.च्या मार्गदर्शनाचं काम माझ्याकडे आलंय, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं. आणि आता जे सांगते ते सांगायला जड जातंय. मागच्या वर्षी हिंजवडीकडची एक मुलगी आली. जमीन आयटी पार्कात गेलेली, आई तिथल्याच एका कंपनीत फरशी पुसते. मुलगी म्हणाली, "म्याडम, इद्यापीठाचं हुईल का माजं?" आणि माझ्या तोंडातून, अगदी मऊ आवाजात, निघालं, "तुला जवळचंच कॉलेज बरं पडेल ना."

तो सरांचा आवाज होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे बारीक करून. तिला माझा संशय आला होता.

मला ते फार आवडलं.

मी तिची माफी मागितली. नियमांची पुस्तिका तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, माझंही ऐकू नकोस, हे वाच, आणि जिथे अडेल तिथे मला उलट विचार. तेव्हापासून मी एकेकट्याला खोलीत घेत नाही. सगळ्यांना एकत्र बसवते, सगळ्यांना तेच सांगते. सगळ्यांनी आपले अर्ज एकमेकांना दाखवायचे.

परवा प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, आपण मुलांना शंका घ्यायला शिकवता, अशी तक्रार आहे." मी म्हटलं, तक्रार बरोबर आहे. ते म्हणाले, यानं शिक्षकांचा मान जातो. मी म्हटलं, जाऊ दे.

ते काम माझ्याकडून काढून घेणार, असं कानावर आलंय. घेऊ देत. मी फाटकाबाहेर उभी राहून सांगेन. कुणाची जागा कुठे, हे ठरवायला मी बसलेली नाही. आणि दुसरं कुणी बसलं असेल, तर त्याला मी उठवणार आहे.