रुळांवर अडकलेलं घर

बार्बोरा व्लासाकचं घर तिच्या हयातीत दोनदा जागचं हललं. पहिल्यांदा हललं तेव्हा ते एकटं नव्हतं, अख्खं गावच त्याच्याबरोबर निघालं होतं.

त्या गावाचं नाव फेरी बेंड. ते नदीच्या वळणावर वसलेलं आणि नदीकडे तोंड करून बसलेलं. दुकानांची दारं नदीकडे, चर्चचं दार नदीकडे, गुत्त्याचंसुद्धा नदीकडेच. माल, माणसं, बातम्या, जे काही यायचं ते बोटीनं यायचं. बार्बोरा आणि तिचा नवरा मात्येय युरोपातल्या बोहेमियाहून अमेरिकेत आले तेही बोटीनंच. मात्येय गवंडी होता. त्यानं आधी विटांची भट्टी बांधली आणि मग तिला टेकवून लाकडी घर उभारलं. भट्टीचं तोंड मागच्या भिंतीतल्या भोकातून घरात उघडायचं. "लोक घराला भट्टी जोडतात, ह्यानं भट्टीला घर जोडलंय," असं म्हणत लोक हसायचे आणि त्याच भट्टीतला पाव घेऊन जायचे. शहाजिरं घातलेला, राय नावाच्या धान्याचा काळा पाव असायचा, आणि शनिवारी कोलाचे. मधे खळगा पाडून त्यात आलुबुखाराचा मुरंबा नाहीतर वाटलेली खसखस भरलेले ते गोल पाव घ्यायला दुकानदार पेनिमनची बायको स्वतः टोपली घेऊन यायची.

मग रेल्वे येणार अशी बातमी आली. फेरी बेंडच्या लोकांना वाटलं, आपल्याशिवाय रेल्वे जाणार कुठे? त्यांनी जमिनीचे असे काही भाव सांगितले की कंपनीच्या माणसांनी टोप्या घातल्या, नमस्कार केला आणि नकाशावरची रेघ गावापासून लांब, उत्तरेच्या उघड्या माळावर ओढली. तिथे नुसतं गवत होतं. त्या गवतात त्यांनी एक खुंटी ठोकली आणि तिला कंपनीच्या कुणा संचालकाच्या मुलीचं नाव दिलं, अडेला. ती मुलगी आमच्यापैकी कुणी कधी पाहिली नाही.

त्या हिवाळ्यात फेरी बेंड उठलं. डेनिस कूगन नावाचा आयरिश माणूस घरं हलवायचं काम करायचा. घर पायावरून उचलायचं, खाली दोन लांब तुळया सारायच्या आणि बर्फावरून बैलांकडून ओढून न्यायचं. माणसं घरातच राहायची. चुली पेटलेल्या असायच्या आणि माळावरून धूर सोडत घरं चाललेली दिसायची. मात्येयनं भट्टी सोडवून विटा गाडीत भरल्या. घर निघालं तेव्हा बार्बोरा आत बटाटे सोलत होती.

"जरा हळू, कूगन!" ती खिडकीतून ओरडली. "माझं सूप हिंदकळतंय."

"व्लासाकबाई, सूप पिऊन टाका. वजन तेवढंच कमी होईल."

आता अडेलाला घर ठेवायचं कुठे? खुंटीच्या अलीकडे की पलीकडे? रुळांचा भराव तयार होता, रूळ यायचे होते. फेरी बेंडच्या लोकांनी फार विचार केला नाही. नदी दक्षिणेला, त्यामुळे स्टेशनचं दार दक्षिणेलाच असणार. नदीकडे पाठ करून कुणी इमारत बांधतं का? म्हणून सगळ्यांनी भरावाच्या दक्षिणेला, स्टेशनाच्या होणाऱ्या दाराकडे तोंड करून आपापली घरं मांडली. बार्बोराची जागा तर अगदी समोरची होती. मात्येयनं घरामागे भट्टी पुन्हा बांधली आणि ती दुकानाची पाटी रंगवत बसली.

वसंतात स्टेशन उभं राहिलं. त्याचं दार उत्तरेला होतं. उत्तरेची जमीन कंपनीची होती, तिथेच तिनं मुख्य रस्ता आखला आणि तिथलेच तुकडे ती विकत होती. बार्बोराच्या दारासमोर आली ती स्टेशनची पाठ, म्हणजे एक लांबलचक भिंत आणि एक शौचकूप.

"निदान गिऱ्हाइकाला सोय झाली," मात्येय म्हणाला.

"मात्येय, हसू नकोस. मला रडू येतंय."

ज्यांना जमलं त्यांनी रूळ पडायच्या आत घाईघाईनं घरं पलीकडे नेली. पेनिमन पहिला गेला. बार्बोरालाही जायचं होतं, पण भट्टीचा चुना अजून ओला होता. "आत्ताच बांधलीय गं," मात्येय म्हणाला, "तिला एकदा तरी तापू दे." भट्टी तापली आणि तेवढ्यात रूळही पडले.

मग शहर वाढलं ते उत्तरेला. फळ्यांचे पदपथ, काचांची दुकानं, बँक, हॉटेल, सगळं तिकडे गेलं. दक्षिणेला आलं यार्ड, इंजिनशेड, कोळशाचे ढीग आणि पाण्याची टाकी. त्यांच्यामागून कामगारांच्या खोल्या आल्या. कुणाला पत्ता विचारला की लोक आधी एवढंच विचारायचे, "रुळांच्या अलीकडे की पलीकडे?" मधल्या फाटकावर मालगाडीचे डबे उभे असले की तासन्‌तास हलायचे नाहीत. हॉटेलनं आपला पाव एका बॉस्टनच्या माणसाकडून घ्यायला सुरुवात केली. तो पांढरा आणि असा मऊ होता की बार्बोरानं एकदा बोट दाबून पाहिलं तर ते पार बुडापर्यंत गेलं.

"हा पाव आहे की उशी?" ती म्हणाली. पण हॉटेलला तोच हवा होता.

तिला आतून लागलं होतं ते वेगळंच. फेरी बेंडला ती गावाची बेकर होती. इथे ती पलीकडची बाई झाली होती. काजळीत घागरा मळतो म्हणून मिसेस पेनिमन यायच्या बंद झाल्या. रस्त्यात भेटल्या तर पावाची फार आठवण काढायच्या. गिऱ्हाइकं नव्हती असं नाही. डबे जोडणारे शंटिंगवाले, इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन, रूळ ठोकणारे पहाटेपासून मागच्या दाराशी जेवणाचे डबे घेऊन उभे असायचे, तिला "आई" म्हणायचे आणि काळा पाव काखेत मारून निघून जायचे. पण बार्बोरा त्यांना गिऱ्हाईक धरतच नव्हती. वारा यावा तसे ते येतात, असं तिला वाटायचं.

काही वर्षं अशी गेली आणि मग मिसेस पेनिमननीच निरोप धाडला. त्यांच्या दुकानाशेजारची मुख्य रस्त्यावरची जागा रिकामी होत होती. बार्बोरानं त्या दिवशी कणीक मळता मळता गाणं म्हटलं. मात्येयनं ते ऐकलं आणि तो भट्टीकडे बघत राहिला.

"पुन्हा सोडवायची?"

"पुन्हा. आणि ह्या वेळी शेवटची."

"मागच्या वेळीही शेवटचीच होती." भट्टीची एक वीट चाचपत तो म्हणाला, "घर पलीकडे पोचू दे, मग सोडवतो. विटा कुठे पळून जातायत?"

कूगननं स्टेशनमास्तरला गाठलं. रविवारी सकाळची गाडी गेली की दुपारच्या गाडीपर्यंत फाटक मोकळं असायचं. तेवढ्यात घर पार करायचं असं ठरलं. आता बर्फ नव्हता, म्हणून तुळयांखाली गोल ओंडके टाकले. पलीकडे जमिनीत एक उभा रहाट रोवला. घोडा त्याच्याभोवती फिरायचा, दोर गुंडाळला जायचा आणि घर इंचाइंचानं पुढे सरकायचं. बार्बोरा ह्याही वेळी आतच बसली. डोक्याला नवा रुमाल होता. मुख्य रस्त्यावर आपण दारातून ऐटीत उतरायचं, मागच्यासारखं खिडकीतून ओरडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

घर भरावावर चढलं, रुळांवर आलं आणि पलीकडच्या उताराला लागायच्या आत थांबलं.

"काय झालं?"

"काही नाही, व्लासाकबाई. जरा चिखल आहे."

चिखल जरासा नव्हता. वसंताच्या पाण्यानं उत्तरेचा उतार लोण्यासारखा झाला होता. पुढच्या तुळईचं टोक त्यात रुतलं, घोड्यानं जोर केला आणि रहाटाच्या खुंट्या उपटून आल्या. दोर सुटला. कूगननं आयरिश भाषेत काहीतरी म्हटलं, ते कुणी विचारलं नाही. पुन्हा खुंट्या ठोकल्या, पुन्हा उपटल्या. असं करता करता लांबून शिटी ऐकू आली.

"मात्येय! लाल काहीतरी दाखव!" कूगन ओरडला.

मात्येय भट्टीपाशी होता. ती तापलेली होती म्हणून त्यानं शेवटचे पाव तीत टाकले होते. तो धावत घरात शिरला, पलंगावरच्या पिसांच्या दुलईचा लाल अभ्रा ओढून काढला आणि रुळांमधून अभ्रा फडकावत गाडीच्या दिशेनं पळाला. इंजिन घरापासून बऱ्याच अंतरावर थांबलं. ड्रायव्हर टॉरगर्सन, नॉर्वेचा उंचच्या उंच माणूस, खाली उतरला.

"व्लासाक, हे तुझं घर आहे ना? की मला चढलीय?"

"घरच आहे. आत बायको आहे. जपून बोल."

गाडीतले प्रवासी खाली उतरले. स्टेशनमास्तर टोपी नसतानाच धावत आला आणि कूगनच्या अंगावर ओरडू लागला. उत्तरेकडून लोक पाहायला जमले, दक्षिणेकडून यार्डातली माणसं आली. कुणीतरी विचारलं, "पावाचा वास कुठून येतोय?" मात्येयनं ताजे पाव फळीवर घालून आणले आणि मागच्या भिंतीच्या भोकातून आत दिले. प्रवाशांना भूक लागली होती. बार्बोरा पुढच्या खिडकीतून पाव देऊ लागली. रांग लागली. स्टेशनमास्तरही एक घेऊन गेला आणि चावत चावत ओरडू लागला.

रांगेत मिसेस पेनिमनही होत्या. फाटकाच्या फळ्यांवर उभ्या राहून त्यांनी घागरा दोन्ही हातांनी वर धरला होता.

"मिसेस व्लासाक, अगदी तोच वास! येताय ना एकदाच्या आमच्याकडे?"

"येतेय ना," बार्बोरा म्हणाली.

मागच्या भोकाशी खुडबुड झाली म्हणून ती वळली. बाहेर टॉरगर्सन होता आणि त्याच्यामागे यार्डातले सगळे नेहमीचे चेहरे हातात डबे घेऊन उभे होते. घर जागेवर नव्हतं, तरी ते मागच्याच बाजूला येऊन उभे राहिले होते. त्यांच्या पलीकडे, जिथून घर निघालं होतं तिथे, भट्टी उघड्यावर एकटीच धूर सोडत होती.

"पुढे या ना," बार्बोरा म्हणाली. "पुढे खिडकी आहे."

"तिकडे ते लोक आहेत, आई." टॉरगर्सननं टोपी काढली. हातांची काजळी टोपीला लागली. "आम्ही एवढंच विचारायला आलो... उद्यापासून पहाटे कुठे यायचं? मुख्य रस्त्यावर मागचं दार असेल ना?"

बार्बोरानं हातातला पाव खाली ठेवला. त्या दुकानाला मागचं दार असणार नव्हतं. मागे पेनिमनचं कोठार होतं. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं, फक्त ह्या माणसांशी त्याचा संबंध आहे हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. एवढी वर्षं रोज पहाटे अंधारातून जे डबे पुढे येत होते, त्यांच्यामागचे चेहरे तिनं आज पहिल्यांदाच उन्हात नीट पाहिले. त्यातल्या एकाला दोन बोटं नव्हती. हा तर तोच, कोलाचे मागताना लाजणारा.

तेवढ्यात कूगन दाराशी आला. चिखलात कमरेपर्यंत भरला होता.

"व्लासाकबाई, आता तुम्हीच सांगा. पुढे न्यायचं तर खणावं लागेल, फळ्या टाकाव्या लागतील. संध्याकाळ होईल, गाडी तोवर इथेच. पण जबान दिलीय, नेईन. मागे न्यायचं तर यार्डाची राखेची जमीन टणक आहे. घोडे जोडले की आत्ता जाईल."

स्टेशनमास्तर म्हणाला, "मागे! मागे!"

"तुमचं घर आहे का?" कूगन म्हणाला. "तुम्ही पाव खा."

बार्बोरा पुढच्या खिडकीशी गेली. समोर मुख्य रस्ता सरळ गेला होता. रिकामी जागा इथूनही दिसत होती, तिच्यावर ऊन पडलं होतं. त्या जागेवर आपण कसे उतरू हे तिनं इतक्या वेळा मनात पाहिलं होतं की आता ते झाल्यासारखंच वाटत होतं. तिचे डोळे भरून आले. रुमालाच्या टोकानं तिनं ते पुसले.

"मिसेस पेनिमन," ती खिडकीतून म्हणाली, "तुम्ही अर्ध्या वाटेपर्यंत आलातच की. उरलेली वाट काही लांब नाही. घागरा धुता येतो."

बार्बोरानं डोकं आत घेतलं.

"कूगन, मागे."

घोडे दक्षिणेला जोडले. यार्डातल्या माणसांनी डबे खाली ठेवले आणि दोर धरले. टॉरगर्सनही त्यात होता, आपली गाडी रुळांवर सोडून. घर करकरलं, हललं आणि आलं त्याच वाटेनं भरावावरून खाली उतरलं. भट्टीपाशी मात्येय उभा होता.

"तू ती सोडवली का नाहीस?" बार्बोरानं आतून विचारलं.

"सांगितलं होतं ना, घर पोचलं की सोडवतो म्हणून. पोचलं कुठे?"

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मला फक्त कंटाळा आला होता."

घाईत घर मूळ जागी नीट बसलं नाही. जरा तिरकं झालं, आणि भिंतीचं भोक भट्टीच्या तोंडापासून वीतभर बाजूला आलं. मात्येयनं मधली फट विटांनी बुजवली. कूगन म्हणाला, उद्या येऊन सरळ करून देतो. बार्बोरा म्हणाली, "हात लावू नकोस."

त्यामुळे पुढे आयुष्यभर भट्टीतून पाव काढताना तिला डावीकडे वाकावं लागायचं. म्हातारपणी कंबर दुखली की ती घरालाच शिव्या द्यायची. रुळांवरून पूल झाला, शहर दोन्हीकडे पसरलं, पण मागच्या दाराशी पहाटे डबे यायचे थांबले नाहीत. मिसेस पेनिमनही आता दर शनिवारी कोलाचे न्यायला यायच्या. पहिल्या वेळी आल्या तेव्हा घागऱ्याला काजळी लागलेली पाहून बार्बोरानं त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली आणि ब्रश आणून स्वतःच ती झटकली.