निळ्या शाईचा कॅचर

आमच्या टोलेडोत चर्चच्या तळघरात दर शनिवारी बेसबॉल खेळाडूंची चित्रं छापलेल्या जुन्या कार्डांचा बाजार भरतो. तिथे शेवटच्या टेबलावर अर्नी होर्वात बसतो आणि लोकांच्या स्वप्नांवर पाणी फिरवतो. शेजारी मी अक्रोडाचे रोल विकते, त्यामुळे गेली तेवीस वर्षं हा तमाशा मला फुकटात बघायला मिळतो.

लोक माळ्यावर सापडलेला बुटांचा खोका घेऊन येतात, तेव्हा मनातल्या मनात त्यांनी नवी गाडीसुद्धा घेतलेली असते. अर्नी डोळ्याला भिंग लावून आधी चारही कोपरे बघतो, मग कडा, मग चित्र मधोमध छापलंय का ते. कुणी कार्डावर बोट टेकवलं तर खेकसतो. पेनाची खूण दिसली की संपलंच. “शाई लागली, कार्ड मेलं,” म्हणतो आणि पुढच्याला बोलावतो. माणूस खडूस आहे, पण खोटं बोलत नाही, म्हणून रांग हटत नाही.

मार्चमध्ये त्या रांगेत इलोना साबो उभी राहिली. लहानपणी ती अर्नीच्याच गल्लीत राहायची, आता साठ वर्षांनी परत आली होती. तिने एकच कार्ड टेबलावर ठेवलं. अठ्ठावन्न सालचा बड टालारिको, एक सुमार कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. कोपरे झिजून गोल झालेले आणि टीमचं नाव निळ्या शाईने खोडून वर पोरसवदा अक्षरात दुसरं लिहिलेलं. खेळाडूने टीम बदलली की तेव्हाची पोरं असंच करायची.

अर्नीने भिंग बाजूला ठेवलं. अक्षर त्याचंच होतं.

हे कार्ड इलोनाने शाळेच्या भिंतीशी त्याच्याकडून जिंकलं होतं. दोघांनी एकेक कार्ड फेकायचं, ज्याचं भिंतीच्या जास्त जवळ पडेल त्याने दोन्ही न्यायची. त्या दिवशी अर्नी जेवला नव्हता, हे मी त्याच्याकडून निदान दहा वेळा ऐकलंय. त्याने तिला तीनशे डॉलर देऊ केले. माझी सुरी रोलमध्येच थांबली.

“शाई लागली की कार्ड मेलं ना रे?” इलोना म्हणाली. “मेलेल्याचे पैसे मी घेत नाही. हवं असेल तर जिंकून ने.”

अर्नीकडे आणखी एक तसाच टालारिको होता, कोरा करकरीत, प्लास्टिकच्या डबीत बंद. त्याने ती डबी फोडली. त्याचं कार्ड कोपऱ्यावर आपटलं आणि सगळं तळघर हळहळलं. इलोनाचं अलगद भिंतीला टेकलं. तिने दोन्ही उचलली.

“कोपरा दुमडलाय,” अर्नी म्हणाला. “आता याचे पाच डॉलरही येणार नाहीत.”

“मग पुढच्या शनिवारी दुसरं आण.”

त्याने आणलं. दर वेळी ती तेच निळ्या शाईचं कार्ड फेकायची आणि जिंकायची. पाच शनिवार तो हरला. घरी सराव करायला त्याने माझ्याकडून गुडघ्याखाली घ्यायची उशी नेली, ती अजून परत केलेली नाही. रांगेतले लोक खोके विसरून भिंतीकडे बघायला लागले आणि माझे रोल जेवणाआधीच संपायला लागले. हरल्यावर अर्नी मोठ्याने हसायचा. इतक्या वर्षांत मी ते हसू ऐकलंच नव्हतं. मला फार बरं वाटायचं.

सहाव्या शनिवारी त्याचं कार्ड भिंतीला चिकटून पडलं. इलोनाने कॅचर त्याच्या हातावर ठेवला. अर्नीने अंगठा सरळ चित्रावर टेकवला.

“मिळालं ना तुझं? चला,” म्हणत इलोनाने कोट उचलला.

“कुठे निघालीस?” अर्नीने तेच कार्ड फेकायला धरलं. “हेच पणाला लावतो. पहिली फेक तुझी.”