नाक्यावरचा फ्लेक्स उतरेपर्यंत

मी शिबिराला जायच्या आधीच माझा फ्लेक्स लागला. दहावीची परीक्षा संपली होती आणि बाबांनी रोह्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका सैनिकी अकादमीच्या उन्हाळी नेतृत्व शिबिरात माझं नाव घातलं होतं. फी भरेल त्याला प्रवेश, इतकी साधी गोष्ट. पण रोह्यात राहणाऱ्या माझ्या चुलतकाकांना साध्या गोष्टी मानवत नाहीत. 'आमच्या लाडक्या कन्येची सैनिकी प्रशिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स त्यांनी नाक्यावर लावला. फोटो शाळेच्या स्नेहसंमेलनातला होता, देशभक्तीच्या गाण्यावर नाचताना भाड्याने आणलेल्या गणवेशातला. ओठांवर लिपस्टिकसुद्धा होती. खाली शुभेच्छुक म्हणून काका आणि त्यांचे मित्र, माझ्यापेक्षा मोठ्या आकारात.

आम्ही राहतो पेणला. बाबा तिथे हायस्कूलमध्ये गणित शिकवतात. आजवर रस्त्यात त्यांना ओळखायचे ते त्यांचे जुने विद्यार्थी, आणि तेही बहुतेक दुसऱ्या फुटपाथवर जायचे. फ्लेक्स लागल्यावर ते काकांकडे गेले की रोह्याच्या एसटी स्टँडवर लोक त्यांना थांबवून हात मिळवू लागले. निवड नाही हो, नुसतं शिबिर आहे, असं बाबांनी पहिल्या दोघांना सांगितलं. तिसऱ्याला नाही सांगितलं.

शिबिरात सगळं शिटीवर चालायचं. उठायचं शिटीवर, जेवायचं शिटीवर, पंगतीतून उठायचं तेही शिटीवर, मग भात ताटात राहो की पोटात. मला पळण्याचं काही वाटत नव्हतं, दोरावर चढायचंही नाही. मला शिटीचा तिटकारा आला. शिवाय नेतृत्व म्हणजे काय, तर रोज एकीला तुकडीप्रमुख करायचं आणि तिने बाकीच्यांवर ओरडायचं. एकीला उशीर झाला की सगळ्या तुकडीने मातीत कोलांट्या मारायच्या. मी मुळात कमी बोलणारी. माझा नंबर आला तेव्हा माझ्याच आवाजाने मी दचकले. समोरच्या मुली मान खाली घालून उभ्या होत्या आणि मला स्वतःची शिसारी आली.

घर लांब असतं तर बरं झालं असतं. दुपारी रोह्याहून पेणवरून दिवा जंक्शनला जाणाऱ्या गाडीचा भोंगा मैदानावर स्पष्ट ऐकू यायचा. निडी, नागोठणे, कासू, पेण. सावधानमध्ये उभी राहून मी मनातल्या मनात एकेक स्टेशन मागे टाकत जायची आणि पेणला उतरायच्या वेळेला शिटी वाजायची.

रविवारी आईबाबा भेटायला आले. आईने सोड्यांचा, सुक्या कोलंबीचा भात आणला होता. मला घेऊन चला, एवढं एकच वाक्य मी आठवडाभर तयार ठेवलं होतं. पण बाबा बोलायचे थांबेनात. कंडक्टरने त्यांना स्वतःहून खिडकीची जागा करून दिली होती, हेडसरांनी सगळ्या शिक्षकांसमोर माझी चौकशी केली होती. बाबांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते पाण्याची बाटली भरायला गेले तेव्हा मी आईला म्हटलं, "आई, मला नाय राहायचं इथं. घरी ने मला."

आईने आधी बाबा किती लांब आहेत ते पाहिलं. मग माझ्या कपाळावरची माती पदराने पुसली.

"फ्लेक्स उतरू दे गो," ती म्हणाली. "आता आलीस तर लोक त्यांना काय बोलतील? उतरला की मग तुला कोण धाडतंय."

मी ते वचन धरून बसले. त्यानंतर सांगतील ते केलं. तक्रार नाही, रडणं नाही, बूट आरशासारखे. अडकलेला माणूस लांबून शिस्तीचा दिसतो, हे मला तिथे कळलं. शेवटच्या दिवशी सकाळी उत्कृष्ट शिबिरार्थीचा चषक मलाच दिला. टाळ्या वाजल्या आणि बाबांनी डोळे पुसले. मग ते अकादमीच्या प्रमुखांशी बराच वेळ बोलत उभे राहिले. मी आईचा हात धरून फाटकाकडे बघत होते.

संध्याकाळी रोह्याला नाक्यावर उतरलो तर काका दोन माणसांना घेऊन फ्लेक्स उतरवत होते. एक दोरी सुटली आणि लिपस्टिकवाली मी अर्धी दुमडून खाली लोंबली. मला हसू फुटलं. आईने माझा हात दाबला. इतकं हलकं मला त्या अख्ख्या उन्हाळ्यात वाटलं नव्हतं.

काकांनी रिक्षातून दुसरी गुंडाळी काढली. बांबू हायेतच उभे, परत कशाला रोवा, असं ते माणसांना सांगत होते. नव्या फ्लेक्सवर चषक घेतलेला फोटो होता, अकादमीने सकाळीच बाबांच्या मोबाईलवर पाठवलेला आणि बाबांनी तिथूनच काकांना धाडलेला. त्याखाली लिहिलं होतं, 'उत्कृष्ट शिबिरार्थी. अकरावी-बारावीसाठी अकादमीच्या निवासी तुकडीत थेट प्रवेश'. मला ते तिथेच, वाचून कळलं.

मी आईकडे पाहिलं. तीही वाचत होती, आणि तिलाही ते आत्ताच कळत होतं. बाबांनी मोबाईल काढला आणि मला फ्लेक्सखाली उभं राहायला सांगितलं.

"जा गो," आई म्हणाली. माझा हात तिने अजून सोडला नव्हता. "एकच फोटो."

मी जाऊन उभी राहिले. बाबा मोबाईल आडवा धरून हसत होते, आणि माझ्या टाचा आपोआप जुळल्या.