खळ लावलेला गळ

ठाण्याहून भिवंडीकडे जाताना काशेळीच्या पुलावर रिक्षा थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर आणि मध्ये मी. गुडघ्यांवर आडवी धरलेली माझी दांडी रिक्षाबाहेर डोकावत होती आणि तिचं टोक शेजारच्या स्कूटरवाल्याच्या कानापाशी हलत होतं. "मावशी, काठी आत घ्या," तो म्हणाला. "काठी नाही, गळाची दांडी आहे," मी तोऱ्यात सांगितलं आणि आत घेतली. तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. सांगलीला मी रोज कृष्णा बघते, ती एकाच दिशेने जाते. ही खाडी माझ्या डोळ्यांदेखत उलटी वाहत होती, समुद्राकडून आत, गोदामांच्या पत्र्यांकडे. एवढं मोठं पाणी मागे चालत येताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ट्रॅफिकला शिव्या द्यायच्या राहूनच गेल्या.

आता खरं सांगून टाकते. मी भिवंडीला फिरायला गेले नव्हते, भिवंडीला फिरायला कोणी जात नाही. चैत्रात मला अर्धांगाचा सौम्य झटका आला. सौम्य हा डॉक्टरांचा शब्द. पाय सुधारला, जीभ सुधारली (आमचे हे म्हणतात, जरा जास्तच सुधारली), पण उजव्या हाताचा अंगठा बधिर तो बधिरच राहिला. हलतो, वाकतो, दाबतो, पण कशाला दाबतोय ते त्याला कळत नाही. आणि माझा सगळा छंद त्या अंगठ्यावर उभा. मी वापरते ते बेटकास्टिंगचं रीळ. त्यात दोरा फेकला की अख्खी चकरी गरगर फिरते आणि तिला लगाम घालायला अंगठा लागतो. अंगठा क्षणभर चुकला की आमिष हवेत मंदावतं, चकरी मात्र फिरतच राहते, आणि दोऱ्याचं घरटं तयार. त्यातून माझा दोरा विणलेला, बारीक तंतूंची वेणी घालून केलेला. ताकदीला भारी, पण इतका मऊ आणि निसरडा की साध्या नायलॉनच्या दुप्पट गुंततो. सहा महिन्यांत मी चार रिळांचा दोरा कात्रीने कापून टाकला. घरी दांडी कोणाला तरी देऊन टाकायची भाषा सुरू झाली होती. मीच सुरू केली होती ती, आणि रात्री मीच रडत होते. शेवटी ठरवलं, एकदा अनोळखी पाण्यावर बघायचं. तिथेही जमलं नाही तर दांडी तिथेच ठेवून यायची.

भिवंडीजवळ काल्हेरला सुनंदा राहते, डी.एड.च्या हॉस्टेलमधली माझी रूममेट. तिच्या सासऱ्यांची इथे भातशेती आणि खाडीवर जाळी होती. आता त्या जमिनीवर तीन गोदामं आहेत आणि सुनंदा त्यांची मालकीण. दारात उतरले तेव्हा ती ट्रकवाल्याशी हिंदीत भांडत होती. भांडण अर्धवट टाकून माझ्याकडे वळली. "माले, किती वाळलीस गं. चल, आधी जेव." तांदळाची भाकरी, सुका जवळा आणि कांदा. मी अंगठा लपवून जेवत होते, तिने पाहिलं आणि आणखी एक भाकरी वाढली.

दुपारी गोदामांमागच्या बांधावर गेलो. इथे अजून जिताडा (खाडीतला मोठा, मानाचा मासा) लागतो, असं सुनंदाचं म्हणणं. मी दांडी मागे नेली आणि फेकली. रिळात खर्रकन आवाज झाला आणि आमिष माझ्या पायाशी पडलं. चकरीवर मूठभर गुंता. सुनंदा वाकून बघत राहिली. मी पिशवीतून कात्री काढली, तशी तिने माझा हात धरला. "कापू नको. निजामपुऱ्यात सलीमचाचा हाय. आमच्या जागेत पहिले त्याचेच लूम होते. धाग्यातलं त्याला कळत न्हाय असं काय न्हाय."

दुसऱ्या दिवशी भिवंडी गावात निजामपुऱ्यात शिरलो. गल्ली रिक्षापेक्षा चार बोटं रुंद असेल. घराघरातून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट, भिंतीला हात लावला तर भिंत थरथरत होती. सलीमचाचांच्या कारखान्यात आठ लूम एकदम चालू होते. माझ्या कानात दडे बसले, सुनंदा काय बोलते ते तिच्या ओठांवरून ओळखावं लागत होतं. सत्तरीचा, कापसाने भुवया पांढऱ्या झालेला माणूस आमच्याकडे पाठ करून बॉबिनी मोजत होता. अचानक तो वळला, सहाव्या लूमकडे चालत गेला आणि त्याने हात घातला. धागा त्याच क्षणी तुटला होता. मला त्या गदारोळात काहीसुद्धा वेगळं ऐकू आलं नव्हतं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

बाहेरच्या ओट्यावर चहा आला, वर बोटभर मलई. चाचांनी माझं रीळ घेतलं आणि गुंत्याकडे बघून हसले. "खेचलं कोणी?"

"मी," मी म्हटलं.

"खेचायचं नाय, बाई. गुत्थी को हवा देनेका." त्यांनी गुंता ओढला नाही. दोन तळव्यांत धरून तो सैल केला, फुंकर घातली, हलवला, एक फास मोठा केला, त्यातून रीळच पलीकडे काढलं. चहा निवायच्या आत दोरा सुटून ओट्यावर पडला. सहा महिने मी कात्री चालवत होते, त्याचीच मला लाज वाटली.

मग त्यांनी खिशातून कापडाचे धागे मोजायचं भिंग काढलं आणि दोऱ्यावर धरलं. "आठ तार," ते हळू म्हणाले. "एक के ऊपर एक. ये तो कपडा है, बाई. गोल कपडा." त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. दहा वर्षं वापरलेला दोरा मी पहिल्यांदा पाहिला. केसाएवढ्या जाडीत आठ पेड एकमेकांवरून जात होते, एकही चुकत नव्हता. मला भरूनच आलं.

चाचांनी निकाल दिला, "बहुत नरम है, इसलिए उलझतं. याला मांडी लावायला पाहिजे."

मी दचकून पदर सावरला. दोऱ्याला मांडी? सुनंदा भिंतीला धरून हसायला लागली. "अगं, मांडी म्हंजे खळ. लूमच्या धाग्याला कडक करायला लावतात ती." चाचांना बिचाऱ्यांना काय झालं ते कळेना. सुनंदाने त्यांना समजावलं तेव्हा ते लाजून आत गेले आणि खळीचं भांडं घेऊन आले. माझा दोरा त्यातून काढला, दोन खांबांमध्ये ताणून वाळवला आणि संध्याकाळी परत दिला. तारेसारखा ताठ झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी काल्हेरच्या बांधावर मी तो फेकला आणि तो गेला. सरळ, लांब, एकही वेटोळं नाही. दुसऱ्यांदा आणखी लांब. मी सुनंदाला मिठी मारली. तिसऱ्यांदा गुंडाळायला गेले तर हाताला चिकट लागलं. खाडीच्या पाण्याने खळ भिजली होती आणि चकरीवर पेज तयार झाली होती. चौथ्या वेळी तर रीळ फिरेचना. सुनंदा गंभीरपणे म्हणाली, "मीठ टाक, खाऊन टाकू." मी हसले, पण आतून पार खचले. बांधावरच बसून तिला म्हटलं, "ही दांडी तुझ्याकडे ठेव. मला आता नाही होणार." अंगठ्याचंही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं. ठेवीन. पण चाचाला खळीचं सांगायला तर चल."

चाचांनी पेज पाहून कपाळाला हात लावला. "पानी का काम है, ये मैं भूलच गया. आमचं कापड पाण्यात जातं ते बाजारातून गेल्यावर." मग सुनंदाने, मला न विचारता, त्यांना माझ्या अंगठ्याचं सांगितलं. मला तिचा इतका राग आला की मी उठून निघणार होते. चाचा आत गेले आणि सुई घेऊन आले. मला वाटलं माझ्या अंगठ्याला टोचतात की काय. त्यांनी ती स्वतःच्या अंगठ्याच्या पेरात खुपसली. चेहरा हलला नाही.

"चालीस साल धागा पकडला. बोटांचं चमडं झालं. काही कळत नाय."

"मग काम कसं करता?"

त्यांनी कानाला बोट लावलं. "हाथ सिर्फ पकडतो. कब पकडना है, ते कान सांगतो."

मी पुन्हा बसले. त्या दुपारी त्यांनी माझा दोरा धुतला, वाळवला, मेणाच्या फडक्यातून काढला. आधी चकरीवर सुती धाग्याचे थोडे फेरे दिले, कारण उघड्या गुळगुळीत धातूवर असा दोरा धरत नाही, सगळा गठ्ठाच आत घसरतो. मग ओल्या फडक्याची घडी चिमटीत धरून दोरा त्यातून सोडला आणि मला गुंडाळायला लावलं. "टाइट. और टाइट. ढिला भरला तर वरचा फेरा खालच्यात घुसतो, मग सुटताना अडतो." मी दहा वर्षं हातानेच सैल भरत आले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. शेवटी त्यांनी मला लूमच्या मधोमध उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. पाऊण तास मी तशी उभी होते. आधी नुसता गोंगाट होता. मग त्यात एक ठेका आला, मग दुसरा. आणि एकदा, फक्त एकदा, डावीकडच्या लूमचा ठेका किंचित अडखळला. मी बोट दाखवलं. डोळे उघडले तर चाचा त्याच लूमवरचा तुटलेला धागा जोडत होते.

चौथा दिवस जवळच्या दिघाशी गावात गेला. तिथे सुनंदाच्या बहिणीचं शेत आहे. भात कापून झालेलं, नुसती खोडकं उरलेली, वारा नाही, रस्त्याचा आवाज नाही. आमिषाच्या जागी गळ नसलेलं शिसं बांधून मी कोरड्या शेतात फेकत बसले. रिळाचा ब्रेक आधी घट्ट ठेवला, जमेल तसा सैल करत गेले. चकरीचा आवाज ऐकायचा. दोरा नीट जात असतो तेव्हा एक सलग घूं येतो. शिसं मंदावलं की घूं खाली यायला हवा. तो खाली आला नाही आणि त्यात बारीक फडफड सुरू झाली, की अंगठा टेकवायचा. बांधावरून गवताचा भारा घेऊन एक आजी चालल्या होत्या. थांबून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "बाय, शेतान कंचा मासा गावतंय?"

"अजून एकही नाही," मी म्हटलं.

"न्हायच गावायचा," त्या म्हणाल्या आणि गेल्या. सकाळभरात अकरा वेळा गुंता झाला, अकरा वेळा हवा देऊन सोडवला. दुपारनंतर तीनदा झाला. ऊन उतरायला लागलं तेव्हा एकदाही नाही.

पाचवा दिवस शुक्रवार. लूम बंद असतात म्हणून सलीमचाचा इस्त्रीचा कुर्ता घालून काल्हेरला आले. बांधावर सुनंदाने त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. भरती लागली होती. मागे रस्त्यावर ट्रक हॉर्न वाजवत होते आणि मला भीती वाटत होती की या आवाजात मला काही ऐकू येणार नाही. मी दांडी उचलली. घूं आला. ट्रकच्या आवाजाखालून आला, पण आला. वर चढला, टिकला, मग फडफडीची पहिली चाहूल लागली आणि माझा अंगठा तिथे होता. त्याला काही कळलं नाही. मला कळलं. आमिष पाण्याच्या मध्यावर डुबुक करून पडलं आणि चकरी स्वच्छ थांबली. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण मला रडू येत होतं.

दोरा परत गुंडाळून झाल्यावरच मी वळले. मग चाचा म्हणाले, "पूरी उम्र धागा जागच्या जागी आणि मी त्याच्याभोवती. उडताना आज पाहिला." ते आभाळाकडे बघत होते, जिथून दोरा गेला होता तिकडे. "फिर से फेंको, बाई."

मी पुन्हा फेकला. बारा-तेरा वेळा फेकला, ते प्रत्येक वेळी मान वर करून बघत होते. जिताडा काही लागला नाही. एक वीतभर शिंगाळा, मिशीवाला हलका मासा, लागला, सुनंदाने नाक मुरडून त्याचं कालवण केलं आणि तिघांनी खाल्लं. निघताना तिने दांडी माझ्या हातात दिली. "ठेव म्हणाली होतीस," ती म्हणाली. मी म्हटलं, "म्हणाले होते." तिने पुढे काही ऐकून घेतलं नाही आणि रिक्षा बोलावली.

सांगलीला आले त्याला आता महिना झाला. अंगठा तसाच आहे, डॉक्टर म्हणतात तो तसाच राहील. भिवंडीहून काय आणलं, असं शेजारणी विचारतात. तिथलं कापड स्वस्त म्हणे, मी एक टॉवेलही आणला नाही. परवा सकाळी घाटावर गेले. धुकं होतं, खालच्या पायरीवर एक बाई धुणं धूत होती. मी दांडी मागे नेली, मान जराशी कलती केली आणि फेकली. तिने धुणं आपटायचं थांबवलं. पाणी शांत, पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि मी तशीच मान कलती ठेवून उभी.

"काय ऐकताय हो बाई?" तिने विचारलं.

"दोरा," मी म्हटलं, आणि अंगठा टेकवला.