गायरानातली शेवटची घोडी

माझ्या साल्याइतका घोड्यांना जास्त आणि माणसांना कमी ओळखणारा इसम अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. सख्खा साला नव्हे. मुसलमान माणूस, धंदा वरातीला घोडी देण्याचा. आमची ही त्याला राखी बांधायची म्हणून साला. राखीला गेली की हा आधी आपली पांढरी घोडी पुढं करायचा, हिच्या पायाला बांध म्हणायचा, मग स्वतःचा हात. बायको बांधायची. मी म्हणायचो, दोघंही येडे.

भडगावला गिरणेकाठच्या गायरानात पाच घरांची मिळून अकरा घोडी चरत. मालक पाच, हुकूम साल्याचा. म्हणजे खरा हुकूम पांढरीचा, साला तिचा कारकून. हौदावर आधी पांढरी पिणार, मग बाकीची पंगत. एका मालकानं नवी घोडी सरळ हौदावर नेली, तर यानं तिला माघारी फिरवलं, लांब बांधलं आणि आठ दिवस रोज हातहातभर पुढं सरकवलं. स्वतःच्या पोरीची सोयरीक यानं एका बैठकीत उरकली होती. घोड्यांशी तासन्‌तास बोलायचा. माणसाला फक्त हां आणि नही.

मग नवरदेव मोटारीतून यायला लागले. एकेकानं घोडी विकली. गायरानात पांढरी आणि एक लंगडा घोडा उरला, तोही पोळ्याच्या सुमाराला मेला. त्याच महिन्यात आमची ही गेली. तिसऱ्या दिवशी साला दारात आला. मला वाटलं, आता रडेल. तर म्हणतो, "दाजी, पांढरी खात नही."

मी शिवी हासडली आणि दार लावलं.

पण घर खायला उठत होतं, म्हणून दोन दिवसांनी मीच गायरानात गेलो. बघतो तर हा मेलेल्या घोड्याची झूल पांघरून पांढरीला खेटून उभा. हातात सुतळीचा झुबका, तो शेपटीसारखा हलवून तिच्या अंगावरच्या माश्या हाकलतोय. घोडीनं त्याला हुंगलं आणि मान फिरवली. मला हसू आलं. मग हसल्याची लाज वाटली.

"एकलं जनावर खात नही, दाजी," तो म्हणाला. "मना हातनं बी नही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला टेंपोत घालून शिरपूरला एकाच्या कळपात सोडलं, फुकट. तिथल्या घोड्यांनी आधी दात दाखवले, लाथा झाडल्या. साला मध्ये पडला नाही, ओठ चावत उभा राहिला. उन्हं उतरताना एक तांबडी घोडी आली आणि पांढरीच्या मानेला मान लावून थांबली. पांढरीनं खाली तोंड घातलं, चारा तोडला. साला म्हणाला, चला.

आता रोज दुपारी तो डबा घेऊन माझ्याकडं येतो. विचारपूस नाही, देवाचं नाव नाही. माझ्यापुढं ताट सरकवतो आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून जेवतो. टक लावून पाहिलं तर जनावर खात नाही, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं, अरे, मी घोडा नाही, मला कुठल्याच शिरपुरात सोडून उपयोग नाही.

"माहीत शे," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.

काल अर्धी भाकर गेली. हिच्या हातची नव्हती. जाड होती, एका अंगानं करपलेली. तरी गेली.