खालून कापलेल्या अकरा ओळी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. नाटकांवरचे साप्ताहिक सदर सुरू होणार होते. ते मला मिळेल की सुरगाण्याहून आलेल्या सहकाऱ्याला, हे संपादक आमचे एकेक छापलेले परीक्षण वाचून ठरवणार होते. सहकारी माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पुण्यात शिकताना त्याने जर्मनचा वर्ग केला होता.

त्याचे परीक्षण तपासायला माझ्याकडेच आले. शेवटचा परिच्छेद एका जर्मन शब्दावर होता. नाट्यगृहाला तिकडे शाउश्पीलहाउस म्हणतात. शाउ म्हणजे पाहणे, श्पील म्हणजे खेळ, हाउस म्हणजे घर. श्पीलचा जुना अर्थ नाच. पुढे त्याने लिहिले होते की, त्याच्या गावच्या बोहाड्यात मुखवटा घालून देव नाचतो, फारसे बोलत नाही, आणि गाव पहाटेपर्यंत पाहत बसते. त्या घराला फक्त छप्पर नाही.

मी तो परिच्छेद तीनदा वाचला. शहरातली बहुतेक नाटके मी पाहिली होती. असे एकही वाक्य मला सुचले नव्हते.

कंपोझिटर आला. "साहेब, सात ओळी बाहेर राहत्यात."

"खालून काढ."

"खालचंच तर वाचण्यासारखं हाय."

"खालून कापायची रीत आहे ना? अख्खा परिच्छेद काढ."

परिच्छेद अकरा ओळींचा होता. चार ओळींची जागा उरली. तिथे मी चांदवडच्या कांद्याच्या आवकेची बातमी बसवली.

सकाळी सहकारी अंक घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"दादा, जागा नव्हती का?"

"नव्हती."

त्याने कांद्याच्या बातमीवर बोट ठेवले. "ही कुठून आली?"

"बाजाराची बातमी थांबवता येत नाही."

"बरोबर," तो म्हणाला. "चूक माझीच. इथं खालून कापतात हे ठाऊक असून मी चांगलं ते शेवटी लिहिलं."

संपादकांनी छापलेलेच वाचले. सदर मला मिळाले. त्याला कोर्टाच्या बातम्या दिल्या.

ते सदर मी ऐंशीच्या दशकातही चालवले. तो जर्मन शब्द एकदाही वापरला नाही. समोरच्या टेबलाशी सहकारी बसलेला असे. माझे प्रूफ तोच तपासायचा. मजकूर जास्त झाला की उठून यायचा आणि विचारायचा, "दादा, यातलं काय काढू?" स्वतःहून त्याने माझी एकही ओळ कापली नाही. तेही मला सहन होत नसे.